चढावर थांबलेली गुनिला

माणसाची नाडी बघताना गुनिला कधी घड्याळाकडे बघायची नाही. दोन बोटं मनगटावर ठेवायची आणि जिमच्या उंच खिडकीतून बाहेर, शिक्षकांच्या गाड्या लावायच्या जागेकडे बघत राहायची. थोड्या वेळानं आकडा सांगायची. कोपऱ्यात खुर्ची टाकून बसलेले डॉक्टर सुरुवातीला तो आकडा यंत्रावर ताडून पाहत. पुढे त्यांनी ते सोडून दिलं.

जिम स्टुटगार्टमधल्या एका प्राथमिक शाळेची. दर मंगळवारी संध्याकाळी सहाला मुलांचे चेंडू आणि गाद्या बाजूला सारून आम्ही पंधरा-सोळा जण तिथं जमायचो. सगळे हृदयाचा झटका येऊन गेलेले. इथं डॉक्टर गोळ्यांबरोबर असा व्यायामाचा वर्गही लिहून देतात. मला बावन्नाव्या वर्षी झटका आला, एक स्टेंट पडला, आणि ती चिठ्ठी घेऊन मी त्या दारात उभा राहिलो तर आत सगळे पंच्याहत्तरीच्या आसपासचे. मला वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच कुणाच्या वर्गात आलो.

हे सिद्ध करायला मी पहिल्याच दिवशी निघालो. हॉलमध्ये गोल चालायचं होतं. बाकीच्यांना मागे टाकत माझी तिसरी फेरी सुरू झाली तेव्हा एका उंच, वाळक्या बाईनं समोर येऊन हात आडवा धरला. पांढरे केस पुरुषांसारखे कापलेले, नाकाचा शेंडा कायमचा रापलेला, अंगात विटका निळा स्वेटर.

"कुठे चाललायस?"

"फेऱ्या मारतोय."

"बरं. पोहोचलास की सांग," असं म्हणून ती बाजूला झाली.

मी चाल कमी केली. दुसरं काय करणार?

ही गुनिला, आमचा वर्ग घेणारी. मूळची स्वीडनची. त्यांच्याकडे सगळेच सगळ्यांना अरे-तुरे करतात म्हणे, राजाचं काय ते वेगळं. जर्मनमध्ये मात्र अनोळखी माणसाला 'अहो' म्हणतात आणि वर्षानुवर्षं तसंच म्हणत राहतात. गुनिला इथं तीस वर्षं राहूनही ते शिकली नव्हती, की शिकायचं नव्हतं, देव जाणे. आमच्यात हेर, म्हणजे श्रीयुत, हेबर्ले नावाचे एक्क्याऐंशी वर्षांचे निवृत्त टूलमेकर होते. अस्सल स्वाबियन, म्हणजे इथल्याच मातीतला माणूस. तिनं त्यांनाही 'तू' म्हटलं तर तीन आठवडे ते तिच्याशी बोलले नाहीत. माझी बायको मीनल मात्र पहिल्या भेटीपासून तिला 'गुनिलाताई' म्हणायला लागली. ताई म्हणजे काय ते समजावून सांगितल्यावर गुनिला म्हणाली, "म्हणजे मला आता तुझं ऐकावं लागणार नाही. छान."

वर्गात कुणी मध्येच थांबलं की तिचा एकच प्रश्न असायचा, "म्यूडे ओडर फाउल?" थकलास, की कंटाळलास? तिच्या लेखी या दोन सर्वस्वी वेगळ्या गोष्टी होत्या. कंटाळलेल्याला ती खिडकी उघडायला किंवा चेंडू गोळा करायला लावायची. थकलेल्यानं बसायचं. त्यात लाजायचं काही नाही. कधी कधी ती स्वतःच सांगायची, "आज मी थकलेय," आणि बाकावर बसून सगळा तास तिथूनच घ्यायची. मी अठरा वर्षं जर्मनीत नोकरी केली, पण असं म्हणणारा वरिष्ठ मला भेटला नव्हता. आमची कंपनी गाड्यांचे सुटे भाग बनवते. मी इंजिनाच्या खात्यात. हे खातं हळूहळू बंद होणार हे कॅन्टीनमधल्या आचाऱ्यालाही ठाऊक होतं, पण मीटिंगमध्ये कुणी 'कसं चाललंय' विचारलं की आम्ही सगळे एका सुरात 'आलेस गुट' म्हणायचो. सगळं उत्तम. सकाळी उठल्यावर अंथरुणाच्या कडेला पाच-पाच मिनिटं नुसतं बसून राहायचो, ते कुणाला सांगायचं?

ती पूर्वी कोण होती हे आम्हाला हेबर्लेंमुळे कळलं. जानेवारीतला मंगळवार होता. खांद्यांचे व्यायाम चालले होते. हेबर्ले बराच वेळ तिच्याकडे टक लावून बघत होते. टीव्हीवर हिवाळी खेळ बघण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. अचानक ते मोठ्यानं म्हणाले, "आता आठवलं! तुम्ही त्याच ना, स्वीडनच्या रिलेमधल्या? चढावर थांबलेल्या?"

गुनिलानं त्यांच्याकडे पाहिलं.

"हो. तीच मी," ती म्हणाली. "चला, आता खांदे मागच्या बाजूनं फिरवा."

आणि तिनं मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. हेबर्ले लाल झाले. तास संपल्यावर ते सायकल ठेवायच्या जागी मला गाठून सांगत राहिले, की मी वाईट हेतूनं बोललो नाही, मला फक्त ओळख पटली. म्हणाले, "काय धावायची ती! बर्फावर तिचा आवाजच यायचा नाही. आणि मग तो दिवस. का थांबली, कुणालाच कळलं नाही. घाबरली म्हणतात."

घरी आल्यावर मी शोधलं. इंटरनेटवर चार मिनिटांची एक धुरकट फीत होती. स्कीइंगच्या जागतिक स्पर्धेची रिले, चौघींनी पाच-पाच किलोमीटर जायचं. गुनिला दुसरी. तिच्या हातात शर्यत येते तेव्हा स्वीडन दुसऱ्या नंबरावर. झाडीतून ती येताना दिसते, लांब लांब ढांगा, पाठ जवळजवळ सपाट. मग चढ येतो. अर्ध्यावर ती थांबते. पडत नाही, धडपडत नाही. दोन काठ्यांवर भार टाकून मान खाली घालून उभी राहते. एक जण पुढे जाते, दुसरी जाते, तिसरी जाते. निवेदक तिचं नाव पुन्हा पुन्हा घेतोय. सतरा वर्षांची माझी मुलगी इरा मागून डोकावून बघत होती.

"पापा, दी श्टेट आइनफाख," ती म्हणाली. ती नुसती उभीये.

मग बाई चालायला लागते. स्की पायात असून चालत, एकेक पाऊल टाकत ती चढ चढते. फीत तिथं संपते.

त्यानंतर मी तिला काही विचारलं नाही. पण ती आमच्याकडे जेवायला आली की लहानपणाच्या गोष्टी आपणहून सांगायची. तिचं गाव उत्तरेला. वडील लाकडाचा ट्रक चालवायचे. हिवाळ्यात ते तिला शाळेतून ट्रकमध्ये घ्यायचे आणि घर बारा किलोमीटरवर राहिलं की स्की काढून हातात द्यायचे. "आईला सांग, मी येतोय." ट्रक तिच्या पुढून निघून जायचा. ती झाडांमधून एकटी यायची आणि घरी पोहोचायची तेव्हा वडिलांचं जेवण झालेलं असायचं. ते घड्याळाकडे बघायचे. मग बटाट्याचं भांडं तिच्याकडे सरकवायचे. ते भांडं किती जोरात सरकलं यावरून ती आजची वेळ कशी होती ते ओळखायची. एकोणिसाव्या वर्षी ती देशाच्या संघात गेली आणि अकरा हिवाळे तिथंच राहिली.

मीनलनं एकदा विचारलं, "तुम्हाला बर्फ खूप आवडत असेल ना?"

गुनिलाला प्रश्नच कळला नाही. "आवडत? तुझ्या गावात धूळ असते, ती तुला आवडते का?"

तिच्या घरी स्पर्धांची एकही खूण नव्हती. एक कांस्यपदक होतं, ते स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये बाटलीच्या बुचांबरोबर. शर्यतीतल्या काठ्या तिनं बाल्कनीत टोमॅटोच्या झाडांना आधार म्हणून रोवल्या होत्या. "हलक्या आहेत, गंजत नाहीत," असं तिचं स्पष्टीकरण. रोल्फ नावाच्या जर्मन माणसाशी लग्न करून ती इथं आली होती. तो संघाच्या स्कींना मेण लावायचं काम करायचा. दहा वर्षांनी दोघं वेगळे झाले. त्याबद्दल ती एवढंच म्हणायची, "बर्फ कसा आहे हे त्याला बरोबर कळायचं. घरात काय चाललंय ते कळायचं नाही."

मग पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरातला तो मंगळवार आला. दोन आठवडे माझ्या छातीत डाव्या बाजूला आवळल्यासारखं होत होतं. मी ते पाठीवर ढकललं, उशीवर ढकललं, ऑफिसातल्या खुर्चीवर ढकललं. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या खात्यातले कोण राहणार आणि कोण जाणार याची मीटिंग होती. अशा वेळी दवाखान्यात झोपून राहिलेला माणूस कुठल्या यादीत जातो हे मला माहीत होतं.

तास सुरू होण्याआधी गुनिला एकेकाला विचारत, नाडी बघत पुढे सरकत होती. माझ्यापाशी आली.

"कसा आहेस?"

"आलेस गुट."

तिनं बोटं मनगटावर ठेवली आणि खिडकीबाहेर बघायला लागली. बराच वेळ बघत राहिली. आकडा सांगितलाच नाही.

"पुन्हा सांग," ती म्हणाली.

"उत्तम आहे सगळं. जरा दगदग झालीय, इतकंच."

तिनं माझं मनगट सोडलं नाही. आवाजही चढवला नाही. डॉक्टरांना हाक मारून म्हणाली, "हा खोटं बोलतोय." मी भडकलो. सगळ्यांसमोर मला खोटं म्हणायचा हिला काय अधिकार? मी तसं बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, "ओरड हवं तेवढं, पण बसून ओरड." आणि खांदा दाबून मला बाकावर बसवलं. पंधरा मिनिटांनी मी रुग्णवाहिकेत होतो, तासाभरात ऑपरेशनच्या टेबलावर. दुसरी रक्तवाहिनी जवळजवळ बंद झाली होती. मीटिंगची वाट बघितली असती तर सकाळ दिसली नसती असं नंतर डॉक्टरांनी मीनलला सांगितलं. मीनलनं ते मला सहा महिने सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी गुनिला हॉस्पिटलात आली. थर्मासमध्ये ब्लूबेरीचं गरम, दाट सूप. शर्यतीत वाटेवर हेच द्यायचे म्हणे. मला अर्धा कप दिलं, उरलेलं स्वतःच प्यायली. मी आभार मानायला लागलो तर तिनं हात हलवला.

"आभार नकोत. मला फक्त सांग, मी विचारलं तेव्हा काय मनात होतं?"

मी तिला मीटिंगचं सांगितलं. ती मान डोलावत राहिली.

"हं. माझीही तसलीच मीटिंग होती," ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं. सलग, न थांबता, दुसऱ्याच कुणाची हकिकत असावी तसं.

त्या शर्यतीच्या आधीचे दोन हिवाळे तिचं हृदय मध्येच भलतंच वागायचं. "पिशवीत जिवंत मासा घालून ती छातीवर बांधल्यासारखं. दहा मिनिटं, कधी तासभर. मग आपोआप शांत. त्यानंतर कुणी तपासलं तरी काही सापडायचं नाही." तिनं कुणालाच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर संघातून बाहेर. तिशी आलेली, मागे तरुण मुलींची रांग. रिलेच्या सकाळी नाश्त्यालाच मासा उसळला. बाहेर कोचनं विचारलं, कसं वाटतंय? त्याच्या मागे राखीव मुलगी उभी होती, तिच्या स्कीला मेण लावून तयार होतं. गुनिलानं फक्त 'बरं नाही' एवढं म्हणायचं होतं.

"मी म्हटलं, छान."

रिलेत शेवटी धावणारी मोना होती. तिचा तो शेवटचा हिवाळा. आयुष्यात एकही पदक नाही, दरवर्षी चौथी नाहीतर पाचवी. अकरा वर्षं ती गुनिलाच्याच खोलीत राहिलेली. चढावर गुनिलाचे हातपाय गेले, डोळ्यांसमोर पांढरं झालं आणि ती उभी राहिली. तिनं चालत जाऊन शर्यत पुढच्या मुलीच्या हाती दिली तेव्हा स्वीडन अकरावं होतं. मोनानं शेवटच्या पाच किलोमीटरमध्ये सहा जणींना मागे टाकलं. पाचवी आली. रेषा ओलांडून तशीच पुढे निघून गेली. बसमध्ये सगळ्यात मागे जाऊन बसली, आणि त्या दिवसापासून गुनिलाशी बोलली नाही.

"वर्तमानपत्रांनी लिहिलं, मी घाबरले. मी लिहू दिलं. वर्षभरानं डॉक्टरांना खरं कारण सापडलं, माझं स्पर्धेत उतरणं बंद झालं. तेव्हा मोनाला सांगता आलं असतं. पण तेव्हा ते सबबीसारखं वाटलं असतं." तिनं थर्मासचं झाकण लावलं. "चढावर थांबल्याचं मला काही वाटत नाही रे. शरीर थांबलं. पण सकाळी ते 'छान' मी म्हटलं होतं. ते शरीरानं नाही म्हटलं."

मी म्हणालो, "मग आता सांग तिला."

"तू बारा तासांपूर्वी मरत होतास आणि मला शिकवतोस?" ती म्हणाली. खरं तर तीन दिवस झाले होते, पण मी दुरुस्त केलं नाही.

तिनं पत्र लिहिलं, पण ते मार्चमध्ये. मे महिन्यात उत्तर आलं. त्या दिवशी मी तिच्याकडे टोमॅटोची रोपं आणायला गेलो होतो. तिनं एक साधं कार्ड पुढे केलं, मग मला स्वीडिश येत नाही हे लक्षात येऊन स्वतःच जर्मनमध्ये वाचून दाखवलं.

मोनानं लिहिलं होतं: मला माहीत होतं. नाश्त्याला तू गळ्यावर बोटं धरून बसली होतीस. तुझा कप हलत होता. मी कोचला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, कारण राखीव मुलगी तुझ्या आजारपणातल्या वेगापेक्षाही हळू होती आणि मला ते पदक हवं होतं. तू थांबलीस ते कळलं तेव्हा वाटलं, ही आता मरते आणि माझ्यामुळे मरते. त्यानंतर मला तुझ्याकडे बघवेना. तू माझ्यावर रागावली आहेस असं मी आजपर्यंत समजत होते.

गुनिलानं कार्ड टेबलावर पालथं ठेवलं.

"बरं वाटलं असेल ना?" मी विचारलं.

"तीस वर्षं मी मनातल्या मनात एका बाईची माफी मागत होते. ती बाई नव्हतीच. तिच्या जागी दुसरीच कुणीतरी बसलेली होती, आणि तीही माफी मागत होती." खालच्या रस्त्यावरून बस चढ चढत गेली. "बरं नाही वाटत. नुसता शीण आल्यासारखं वाटतंय. सामान उचलून आणलं आणि मग कळलं, चुकीच्या पत्त्यावर आणलं."

मग तिनं मला सहा रोपं वर्तमानपत्रात गुंडाळून दिली आणि पाणी किती घालायचं ते दोनदा सांगितलं.

त्या उन्हाळ्यात हेर हेबर्ले गेले. झोपेत, शांतपणे. गुनिला निळा स्वेटर घालूनच अंत्यविधीला आली, मागच्या रांगेत बसली. चढावरच्या त्या थांबण्यामागचं कारण त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. मला सांगता आलं असतं, पण ते माझं नव्हतं. मी स्वतः इंजिनाच्या खात्यातून बाहेर पडलो. मीटिंग माझ्याविना झाली होती आणि माझं नाव राहणाऱ्यांच्या यादीत होतं, तरीही. आता जुन्या आराखड्यांचे कागद संगणकावर चढवणाऱ्या एका छोट्या विभागात बसतो. कंटाळवाणं काम आहे. मीनल म्हणते, चेहरा जरा माणसासारखा दिसायला लागलाय.

सप्टेंबरात मोनाचं खुब्याचं हाड मोडलं. ती एकटी राहायची, दुसऱ्या मजल्यावर. गुनिलानं वर्ग नव्या प्रशिक्षकाच्या हवाली केला, फ्लॅट एका विद्यार्थिनीला राहायला दिला आणि निघायचं ठरवलं.

"किती दिवस?" मी विचारलं.

"तिला जिना चढता येईपर्यंत. मग बघू."

"तीस वर्षांनी भेटणार. काय बोलणार?"

"काही नाही. दोघींच्या कानांना यंत्रं आहेत, ती काढून ठेवू."

तिला सोडायला मी स्टेशनवर गेलो. स्टुटगार्टचं स्टेशन इतकी वर्षं खोदलेलं आहे की ते पूर्वी कसं होतं हे आता लोक विसरले. फलाटापर्यंत पत्र्यांच्या लांबच लांब बोळातून वळसे घेत जावं लागतं. मी तिची मोठी पिशवी घेतली. तरी ती वाटेत दोनदा थांबली, कठड्याला टेकली. लोक दोन्ही बाजूंनी चाकांच्या बॅगा ओढत पळत होते. तिनं ना माझ्याकडे पाहिलं, ना त्यांच्याकडे. दम खाल्ला आणि चालायला लागली.

गाडी चाळीस मिनिटं उशिरा आली, तीही दुसऱ्याच फलाटावर. हँबर्ग, मग कोपनहेगन, मग स्टॉकहोम, आणि तिथून पुढे आणखी एक दिवस. मी पिशवी वर ठेवली. तिनं माझा हात हातात घेतला, पण नाडी बघायला नाही, नुसताच.

"जा आता," ती म्हणाली. "इथं उभं राहून हात हलवायची गरज नाही."

मी उतरलो, पण गेलो नाही. काचेतून ती दिसत होती. तिनं बूट काढले, ते नीट जोडून सीटखाली सरकवले. कोट गुंडाळून खिडकीशी ठेवला आणि त्यावर डोकं टेकलं. गाडी अजून सुटायची होती. मी हात वर केला तोपर्यंत तिला झोप लागली होती. तोंड किंचित उघडं, हात मांडीवर सैल पडलेले. दुपारचं ऊन थेट तिच्या चेहऱ्यावर येत होतं. समोर बसलेल्या अनोळखी बाईनं ते पाहिलं, अर्धवट उठून हळूच खिडकीचा पडदा खाली ओढला, आणि मग मला काही दिसेना.